हंड्यातले रुपये

गेली तीन वर्षं दर रविवारी जमिनीतला धातू शोधणारं मशीन, मेटल डिटेक्टर, घेऊन मी आमच्याच रानात फिरतो. आजवरची कमाई म्हणजे खिळे, बैलाच्या पत्र्या, सोड्याची बुचं आणि एक तांब्याचा ढब्बू. चांदी कधी वाजली नाही. ही भूक बांधावरून बघणाऱ्याला बरोबर कळते.

"साहेब, मशीन कशाला फिरवताय? आमच्या पाव्हण्याकडं पाया खणताना हंडाच निघालाय."

नमुन्याला त्यानं इंग्रज राजा सातव्या एडवर्डचे चांदीचे दोन रुपये दिले. "सोनाराला दाखवा, मगच बोला." दाखवले. कस बरोबर लागला, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा.

मग चाळीस नाणी, १,४०० प्रमाणे ५६,००० रोख. रात्री साडेनऊला, ढाब्यामागे, मोबाइलच्या उजेडात. नाणी मातीनं माखलेली. "धुऊ नका, किंमत उतरते," म्हणाला. जाणकारही हेच सांगतात, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. मी खिशातलं लोहचुंबक लावून पाहिलं, तेवढीच माझी हुशारी. पण जर्मन सिल्व्हर हा चांदीसारखा दिसणारा मिश्रधातूही चुंबकाला चिकटत नाही, आणि त्यात चांदी नसते.

घरी राहवलं नाही. रिठ्याच्या पाण्यात टाकली. पाच नाण्यांवर व्हिक्टोरिया राणीच्या हनुवटीखाली एकाच जागी एकच ओरखडा, म्हणजे सगळी एकाच साच्यातली! साल १८६२, पण नावापुढे 'एम्प्रेस'. तिच्या १८७७ च्या आधीच्या रुपयावर 'क्वीन' असतं, हे मी चारचौघांत ऐटीत सांगत आलोय. वजन साडेनऊ ग्रॅमच्या वर जाईना.

तक्रार लगेच का केली नाही? त्यानं आधीच पेरून ठेवलं होतं : "गुप्तधनाचा कायदा आहे, साहेब. बोभाटा झाला तर दोघंही आत." कायदा आहेच, १८७८ चा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. 'हंडा' म्हणताक्षणी मी उठायला हवं होतं. उलट मीच लपवू लागलो. ती चाळीस नाणी सोनाराकडे नेली नाहीत, बायकोला सांगितलं नाही. गुपचूप घ्यायचं म्हटल्यावर तपासणार कोण?

दोन महिन्यांनी चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "हंडा खरा निघाला असता, तर आला असता का इथं?"

नमुन्याचे ते दोन एडवर्ड त्यानं ढाब्यावरच परत मागून घेतले होते. "पाव्हण्याला मोजून द्यायचेत," म्हणाला. पुढच्या गिऱ्हाइकाला लागणार होते ना.