राज्यशास्त्राचा तास: पुस्तकी मराठीत की बोलीत?

सातारा-सांगलीकडच्या हायस्कूलवर नववी-दहावीचं राज्यशास्त्र नव्याने वाट्याला आलं की हा प्रश्न पडतोच. सेमी-इंग्रजीच्या वर्गातही हा विषय मराठीतच असतो, पण कुठल्या मराठीत? ते धड्यावर ठरवा.

निवडणूक प्रक्रिया बोलीतून सुरू केलेली बरी. 'अनामत रक्कम' पोरं नुसती पाठ करतात. 'डिपॉझिट गेलं' म्हटलं की मागचा बाकही मान वर करतो. तेवढ्यात फळ्यावर गणित मांडा. वैध मतं १,८०,०००, त्यांचा सहावा भाग ३०,०००. पडलेल्या उमेदवाराला ३०,००० च्या वर मतं नसतील, तर विधानसभेचे १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना निम्मे) जप्त.

ग्रामसभेचा 'कोरम', म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, तर घरोघरी ऐकलेला असतो. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. ४०० मतदारांच्या गावाला ६०. १,२०० च्या गावाला १८० नव्हे, १००. पुस्तकी वाक्यात हे 'यांतला कमी' हमखास निसटतं.

बोलीचा फटका उत्तरपत्रिकेत बसतो: 'कोरम भरला नाही म्हणून मीटिंग कॅन्सल.' सभा रद्द होत नाही, तहकूब होते. त्यामुळे 'गणपूर्ती' आणि 'तहकूब' त्याच तासाला फळ्यावर यावेत आणि पोरांकडून वाक्यात वापरून घ्यावेत. उद्यावर ढकललं की राहिलंच.

राजकीय पक्षांच्या धड्याला मात्र बोली नको. 'गद्दार', 'निष्ठावंत' हे शब्द आधीच कुणाच्या तरी बाजूचे असतात आणि एकाच बाकावर दोन गटांची पोरं बसलेली असतात. (कारखान्याची निवडणूक जवळ असेल तर विचारूच नका.) इथे कोरडेपणाच कामाचा: पक्षांतर, १९८५ ची ५२वी घटनादुरुस्ती, दहावं परिशिष्ट. पक्षाचे एक तृतीयांश आमदार-खासदार फुटले तर त्यांचं पद वाचायचं, ही सवलत २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने गेली. विलीनीकरणाला सभागृहातले पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य लागतात.

एका ठिकाणी दोन्ही भाषा फसवतात. 'आमदारांनी रस्ता दिला' या बोलीतल्या वाक्यात पैसा आमदारांच्या खिशातला वाटतो. 'रस्ता मंजूर करण्यात आला' या पुस्तकी वाक्यात करणाराच गायब. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि तीन प्रश्न विचारा: सुचवलं कुणी, मंजुरी कुणाची, पैसा कुणाचा? मग वहीत उतरवायचं ते असं: स्थानिक विकास निधीतून काम आमदारांनी सुचवलं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांनी दिली, पैसा राज्याच्या तिजोरीतला.