सहा बाय सतराची बॅक म्हणून प्लायवूडचं खोकं आलं, ५३,७०० रुपये गेले

४×५ इंची शीट फिल्मच्या कॅमेऱ्याला मागून लागणारी ६×१७ सेंटिमीटरची पॅनोरमा बॅक, म्हणजे लांबट आडव्या फोटोंसाठी रोल फिल्म धरणारा डबा, 'बॉडीला एकदम चपटी बसते' असं कुणी सांगत असेल, तर तिथंच फोन ठेवा. माझे ५३,७०० रुपये गेलेत. ९,००० बयाणा, ३८,५०० 'पार्सल तयार आहे सर' म्हणून आणि ६,२०० 'कस्टममधून सोडवायला'. सगळे यूपीआयवर, आणि शेवटचे तर भलत्याच नावाच्या खात्यावर.

त्या ६,२०० वर हसणारे हसतील. सरकारी शुल्क कुणाच्या खासगी क्यूआर कोडवर भरत नसतात, हे मलाही कळतं. पण तोवर ४७,५०० अडकले होते. अडकलेला माणूस अजून सहा हजार टाकतोच, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

मी काही नवखा नाही. स्टुडिओ वडिलांपासूनचा आहे, डार्करूम अजून चालू आहे, ४×५ चा फील्ड कॅमेरा ग्राफ्लॉक बॅकसकट (अशी बॅक अडकवायची मागची चौकट) घरात आहे. डोक्यात होता नळदुर्गचा किल्ला. पावसाळ्यात बोरी नदी भरली की बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. तो बंधारा, बुरूज आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला एका निगेटिव्हवर घ्यायचं होतं. मोबाईलवर तुकडे जोडून होतं की, असं सगळेच सांगतात. पडतं पाणी दोन फोटोंत एकसारखं कधी असतं का? जोड दिसतोच. तसाच अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंट. वाघूरच्या वळणावरची ती नालाच्या आकाराची लेण्यांची रांग आडव्या फ्रेमसाठीच कोरलीय असं वाटतं.

आता तो क्षण, ज्यानं आजही झोप उडते. बयाणा द्यायच्या आधी मी फोनवर विकणाऱ्याला सहज विचारलं, "एका रोलमध्ये किती बसतात?" तो म्हणाला, "सहा फोटो आरामात, सर." सहा! १२० नंबरच्या फिल्म रोलवर ६×१७ चे चारच फोटो येतात. सहा येतात ते ६×१२ चे. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ऐकताना खटकलं, खटकलं कसं नाही. पण म्हणलं, बोलण्याच्या ओघात चुकला असेल, विकणारा माणूस थोडाच फोटो काढत बसतो. वर त्यानं लगेच नमुन्याच्या निगेटिव्हचा फोटो पाठवला, सुंदर, टोकापर्यंत स्पष्ट. तो कुणाचा उचललेला होता, देव जाणे.

दुसरी खूणही समोरच होती. ६×१७ ची निगेटिव्ह सुमारे १६८ मिलिमीटर रुंद असते आणि ४×५ च्या मागची खिडकी जेमतेम १२ सेंटिमीटरची. मग फिल्म खिडकीपासून मागे न्यावी लागते, म्हणजे लेन्समधून येणारा प्रकाश पसरत जाऊन तेवढी रुंदी भरतो. म्हणून खरी बॅक कॅमेऱ्याच्या मागे चांगलीच बाहेर आलेली दिसते. लांब फोकसची लेन्स लावली की प्रकाश कमी पसरतो आणि दोन्ही टोकं कापली जातात, तेही याचमुळे. त्याच्या फोटोत बॅक पाटीसारखी सपाट होती. 'नवीन डिझाइन आहे सर.'

खोकं आलं. प्लायवूड, वरून फळ्याचा काळा रंग, आणि तो बोटाला लागत होता. फ्रेमचे आकडे बघायच्या लाल खिडकीला मिठाईच्या डब्यावरचा लाल कागद चिकटवलेला. आतली पट्टी उचकटली तर प्लायवर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'टीव्ही युनिट – डावी बाजू'. कुणाच्या तरी दिवाणखान्यातलं उरलेलं लाकूड मी ४७,५०० ला घेतलं होतं.

लेन्सची कथा वेगळीच. बॅकसोबत ठरली होती ९० एमएमची सुपर अँग्युलॉन एफ ८, आली नुसती अँग्युलॉन एफ ६.८. पहिलीचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स फिल्मवर पाडते त्या गोल चित्राचा व्यास, २१६ मिलिमीटर, दुसरीचं सुमारे १५४. ६×१७ चा कर्णच १७७ भरतो. म्हणजे ती बॅक खरी निघाली असती तरी कडा काळ्याच आल्या असत्या. लेन्स घेताना रिंगवरचं पूर्ण नाव वाचता येईल असा फोटो मागा, 'सुपर' या एका शब्दात हजारो रुपये असतात.

आता आपली यंत्रणा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पोचक्रमांक मिळाला. तो घेऊन आमच्या गावच्या ठाण्यात गेलो. तिथले साहेब आधी बराच वेळ खोक्याकडेच बघत बसले. मग म्हणाले, "पार्सल तर आलंय की. मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब झाली." मी अँग्युलॉन आणि सुपर अँग्युलॉन समजावून सांगायला लागलो तर शेजारचे हवालदार मोबाईल काढून मला पॅनोरमा कसा काढतात ते दाखवायला लागले! सगळं ठाणं हसत होतं. पुढच्या वेळी 'आरोपी बाहेरच्या राज्यातला, तिकडं जा'. त्याच्या पुढं 'साहेब बंदोबस्तात आहेत'. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. कुरिअरवाला म्हणतो, वजन जुळतंय. वजन जुळणारच, लाकूड आहे ते!

तुम्हाला असं हाकललं तर ऐकून घेऊ नका. खोटं सांगून पैसे काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा गुन्हा आहे, आणि हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर (गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवायची एफआयआर) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. हे मी छापील कागदावर नेलं, तेव्हा कुठं अर्जाच्या पोचेवर शिक्का बसला. एफआयआर अजून नाहीच.

ग्राहक आयोगात जायचं तर विकणारा धंदाच करतो याचे पुरावे, म्हणजे त्याच्या जुन्या जाहिराती, दर, बिलं, आधीच साठवून ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तिथं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मी ती दाखल केलीय. खोकं उघडताना लेबलपासून शेवटपर्यंत न थांबवलेला व्हिडिओ काढला होता, म्हणून माझ्याकडं काहीतरी आहे. पैसे द्यायच्या आधी बॅक लावलेल्या कॅमेऱ्याच्या घासकाचेवरचं (फोकस बघायच्या दुधी काचेवरचं) चित्र व्हिडिओ कॉलवर मागा. 'नेट नाही सर' म्हणाला की विषय संपला.

आणि पॅनोरमाची इतकीच घाई असेल तर जुनी डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) लांबीत अर्धी कापा. ४×५ च्या एकाच शीटवर वर एक, खाली एक, असे दोन आडवे फोटो येतात, पदरचं काही जात नाही. मी सध्या तेच करतोय.

गेल्या आठवड्यात त्याला शेवटची नोटीस पाठवली. उत्तर आलं: "सर, खोकं वापरणार नसाल तर परत पाठवा, भाडं तुमचं."