माळवद उतरवण्याआधी हिशेब करा

मराठवाड्यात जुना वाडा सुधारायला काढणारे लोक कुठे अडकतात ते आधी सांगतो: माळवद, म्हणजे लाकूड-फळ्यांवरचं मातीचं सपाट छप्पर, उतरवायच्या दिवशी. तोवर गुत्तेदार (ठेकेदार) गोड बोलतो, भावही कमी सांगतो. एकदा वरची माती खाली आली, मातीत रचलेल्या भिंती उघड्या पडल्या आणि मृग तोंडावर आला, की काम थांबतं आणि वाढीव आकडा पुढे येतो. पाणी भिंतीत उतरलं तर ती बसणार, हे दोघांनाही माहीत असतं. मालक पैसे देतो.

पहिली लूट लाकडाची. "फुकट उतरवून देतो, मलबा आमचा," हे वाक्य कानावर आलं की थांबा. त्या मलब्यात सागवानी नाटा (तुळया), खांब, कडीपाटाच्या फळ्या, ढाळजेची (दारालगतच्या ओसरीची) चौकट आणि घडीव काळा दगड असं सगळं जातं. ९ बाय ९ इंचाची १२ फुटी एक नाट म्हणजे पावणेसात घनफूट लाकूड. अशा दहा नाटा निघाल्या तरी साडेसदुसष्ट घनफूट होतात, आणि जुनं सागवान लाकडाच्या अड्ड्यावर घनफुटानेच विकलं जातं. म्हणून उतरवण्याआधी प्रत्येक नगाची लांबी-रुंदी-जाडी लिहा, ऑइलपेंटने नंबर टाका, फोटो काढा, दोन अड्ड्यांवर भाव विचारा. नाटेचं भिंतीत गाडलेलं टोक आधी कुजतं. तेवढंच दाखवून गुत्तेदार अख्खी नाट "गेली" म्हणतो. पटाशीने दर फुटावर टोचून पाहा. पुष्कळदा टोकाचा फूट-दीड फूट कापला की पुढचं लाकूड ठणठणीत असतं.

दुसरं हत्यार भूकंपाच्या भीतीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात काय झालं ते इथल्या घराघरांत ठाऊक आहे, आणि ती भीती खरी आहे. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये दगडाच्या कपच्या आणि माती, दोन्ही थरांना बांधणारे जोडदगड नाहीत, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं टाकत गेलेल्या मातीचा भार: अशी भिंत हादऱ्याने फुगते आणि सुटते. पण या भीतीचा उपयोग दोन उलट्या तऱ्हांनी होतो. एक जण चांगली भिंतही पाडायला लावतो, कारण त्याला दगड हवा असतो. दुसरा "कॉलमवर स्लॅब" असा भाव घेऊन स्लॅब त्याच मातीच्या भिंतीवर टेकवतो आणि कोपऱ्यात नावापुरते चार कॉलम उभे करतो. हा दुसरा प्रकार जिवावर बेतणारा आहे. भिंत ठेवायची की नाही हे गुत्तेदाराला ठरवू देऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दोन-तीन ठिकाणी भिंत उकरून जोडदगड आहेत का ते पाहून घ्या. किती कॉलम, कोणत्या मापाचे, पाया किती खोल, हे नकाशावर हवं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया थांबवला तर भेगा ठरलेल्या. खड्डा मुरूम किंवा खडक लागेपर्यंत गेला पाहिजे, आणि तो भरण्याआधी तुम्ही आत टेप सोडून मोजला पाहिजे.

आता फुटाचा भाव. घर बाहेरून ४० बाय ३०, म्हणजे १२०० चौरस फूट. पण भिंती अडीच फुटी असतील तर आतलं माप ३५ बाय २५, म्हणजे ८७५. बाहेरून मोजलं की तुमच्या पणजोबांनी बांधलेल्या भिंतींचे ३२५ फूट तुम्ही पुन्हा विकत घेता. शिवाय छज्जा आणि जिना वेगळे लावतात. माप कुठून कुठे धरायचं ते करारात लिहा.

मालासकट गुत्तं दिलं असेल तर मोजमाप रोज करा. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण १०.६५ किलो भरते, ८ मिलिमीटरची ४.७४. वजनात थोडा फरक चालतो, पण किलो-दीड किलो कमी असेल तर गाडी परत पाठवा. तोच १२०० फुटांचा स्लॅब ५ इंच जाडीचा धरला तर काँक्रीट ५०० घनफूट, म्हणजे १४.२ घनमीटर. एम २० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे सिमेंटच्या साधारण ८ गोण्या, म्हणजे ११३ च्या आसपास, बीम वेगळे. रिकाम्या गोण्या दुसऱ्या साइटवरूनही येतात, तेव्हा भरलेल्या मोजा. ट्रॉली आतून १० बाय ६ बाय २ फूट असेल तर तिच्यात १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास वाळू बसते. बिलात दीड ब्रास लावतात. ओली वाळू फुगते, तेही धरा.

उचल (आगाऊ रक्कम) एकरकमी देऊ नका. पाया, प्लिंथ, कॉलम, स्लॅब, प्लास्टर असे हप्ते पाडा, आणि माळवद उतरवण्याचा हप्ता सेंट्रिंगचं साहित्य दारात आल्यावरच द्या. उतरवणी दिवाळीनंतर लगेच काढा, म्हणजे पावसाची तलवार डोक्यावर राहत नाही. स्लॅबवर किमान १० दिवस पाणी कोण मारणार आणि टँकर कोण आणणार, तेही लिहा. उन्हाळ्यात यावरूनच भांडण पेटतं.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा, पैसे बँकेतून द्या. काम अर्धवट टाकून गुत्तेदार गेला तर त्याच आठवड्यात इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप सहीनिशी घ्या, मगच दुसरा मिस्त्री लावा. त्याचा हात लागल्यावर कुणाचं काम किती हे ठरवता येत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.