बॅटरी बदलली, अल्टरनेटर 'बदलला', तरी गाडी बुधवारी बंदच!

उभ्या गाडीची बॅटरी उतरते म्हणून माझ्याकडून एका गॅरेजवाल्यानं ११,७०० रुपये घेतले आणि बॅटरी उतरायचं कारण त्यानंच स्वतःच्या हातानं गाडीत बसवलेलं होतं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण कसं फसवलं ते सगळं लिहिते, तुमच्यापैकी एकाचे जरी पैसे वाचले तरी मला बरं वाटेल.

आम्ही सांगलीत राहतो, गाडी पेट्रोल वॅगनआर. ऑफिसला मी स्कूटीवर जाते त्यामुळे गाडी शनिवार-रविवारच बाहेर निघते. दिवाळीत भावाच्या हट्टापायी टचस्क्रीन स्टिरिओ आणि सीटखाली बसतो तो बेसचा डबा (आवाज मोठा करणारा ॲम्प त्याच्या आतच असतो) ह्याच गॅरेजमध्ये बसवला. त्यानंतर पंधरा दिवसात एका बुधवारी चावी फिरवली तर नुसतं टिक टिक टिक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून चालू केली आणि तशीच गॅरेजला नेली. त्यानं मीटर लावला, ११.३ व्होल्ट दाखवला आणि म्हणाला मॅडम सेल गेलाय, बॅटरी टाकायलाच लागेल. माझी बॅटरी १९ महिन्यांची होती, वॉरंटी शिल्लक होती, कार्ड घरात कपाटात होतं! पण वॉरंटीला पाठवली तर आठ दिवस गाडी उभी राहील, असं म्हणाला आणि मी घाबरले. ४,२०० रुपये दिले, जुनी बॅटरी त्यानं 'भंगारात घेतो' म्हणून ठेवून घेतली. बिल मागितलं तर जीएसटी लावावा लागेल म्हणे, राहू द्या म्हटलं.

दहा दिवसांनी परत तेच. आता अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) चार्जिंग करत नाही म्हणाला, गाडी दिवसभर ठेवून घेतली, ७,५०० लावले. जुना अल्टरनेटर दाखवा म्हटलं तर 'एक्स्चेंजला गेला'.

आणि मग जानेवारीतला तो बुधवार. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला, सकाळी ७ ला पोचायचं, बाबा उपाशीपोटी मागच्या सीटवर बसलेले, आणि गाडी मेलेली. अंधारात रिक्षा शोधत मी कोपऱ्यापर्यंत पळाले. त्या दिवशीचा राग अजून गेलेला नाही, कारण पैसे जातात ते एक वेळ ठीक, पण माणूस गाडीच्या भरवशावर बसलेलं असतं.

हॉस्पिटलमधल्याच एकांनी मिरजेतल्या एका वायरिंगवाल्या चाचांचा नंबर दिला. ते दुसऱ्या दिवशी घरी आले आणि त्यांनी आधी काही बदललं नाही, नुसतं बघितलं. बॅटरीच्या टर्मिनलवर बोट फिरवून मला म्हणाले, "ताई, ही नवी नाही. जुन्या क्लॅम्पचे वळ बघा." खरंच शिशावर खोल रेघा होत्या. स्टिकरची कड नखानं उचलली तर खाली दुसऱ्याच कंपनीचं लेबल, आणि तारखेचा कोड घासून काढलेला. अल्टरनेटरच्या बोल्टवर तर कंपनीतला रंगाचा ठिपका जसाच्या तसा, वर वर्षानुवर्षांची चिकट धूळ, त्याला पाना कधी लागलेलाच नाही! गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावला, १४.२ व्होल्ट. म्हणजे चार्जिंग व्यवस्थित.

मग खरी तपासणी. बॅटरीची मायनसची केबल काढली आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये जोडला. (मीटर असा लावलेला असताना गाडीला स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.) दार उघडंच ठेवलं पण त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केलं म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं, चावी लांब ठेवली, आणि अर्धा तास थांबलो कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ लागतो. आकडा हळूहळू उतरत ०.४२ अँपिअरवर आला आणि तिथंच अडकला. नॉर्मल गाडीत ०.०५ च्या आत पाहिजे. ३५ एएचची (म्हणजे एक अँपिअर ३५ तास पुरेल एवढी) बॅटरी ०.४२ नं खाल्ली तर साडेतीन दिवसात पूर्ण खाली, आणि स्टार्टर फिरवायची ताकद त्याच्या आधीच जाते. रविवारी रात्री लावलेली गाडी बुधवारी का मरत होती ते मला तेव्हा कळलं.

स्टिअरिंगखालचे फ्यूज एकेक काढून बघितले, आकडा हलला नाही. मग चाचांनी मला सीटखाली हात घालायला सांगितलं. रात्रभर बंद असलेल्या गाडीत, जानेवारीच्या थंडीत, तो बेसचा डबा कोमट लागत होता. त्याची वायर थेट बॅटरीवरून आलेली, तिच्यावरचा छोटा फ्यूज काढला आणि ०.४२ चं ०.०२ झालं. ॲम्पला चालू-बंदचा इशारा देणारी निळी वायर स्टिरिओच्या निळ्या वायरला जोडायच्या ऐवजी पिवळ्याला, म्हणजे कायम करंट असणाऱ्या वायरला पिळून वर टेप मारली होती. ॲम्प दिवाळीपासून एक मिनिट बंद झालाच नव्हता. दुरुस्तीला वीस मिनिटं आणि ३०० रुपये.

चाचांनी आणखी एक सांगितलं, उतरलेली बॅटरी टेस्टरवर लावली तर चांगलीसुद्धा नापास होते, आधी आठ-दहा तास चार्ज करून मग तपासायची, पूर्ण भरलेली बॅटरी गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. माझी जुनी बॅटरी कुणी चार्ज करून बघितलीच नाही. आणि आता ती माझ्याकडे नाही म्हणून वॉरंटी कार्ड असून उपयोग नाही.

गॅरेजवाल्याला जाऊन विचारलं तर 'बिल दाखवा' म्हणाला. बिल नाही, पण यूपीआयची दोन्ही पेमेंट आहेत आणि 'अल्टरनेटर बदलला, ७५०० पाठवा' हा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, बोल्टचे आणि स्टिकरचे फोटो आहेत. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तुमचं असं झालं असेल तर मेसेज डिलीट करू नका आणि जुना पार्ट गॅरेजात सोडून येऊ नका.

तुमच्याही गाडीत बाहेरून ॲम्प बसवलेला असेल तर उद्या सकाळी गाडी चालू करायच्या आधी त्याला हात लावून बघा, गार लागला पाहिजे.