दहापट भिंग आणि रामलिंगचा ओढा

मी धाराशिवला वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात पोरांना घेऊन येडशीच्या रामलिंगला जाणं ठरलेलंच. तिथं ओढ्याकाठच्या काळ्या दगडांवर जो हिरवा थर दिसतो, त्याला सगळे सरसकट शेवाळ म्हणतात. त्यातलं बरंचसं शेवाळ नसतंच; दगडाला चिकटून चपट्या पट्टीसारख्या पसरणाऱ्या यकृतका असतात, म्हणजे लिव्हरवर्ट. त्यांच्यासाठीच आषाढात नवं भिंग घेतलं. तीन महिने वापरून लिहितेय.

आधीचं ऑनलाइन मागवलेलं होतं, १८० रुपयांचं. वर ठळक छापलेलं, 'तीसपट'. शंका आली म्हणून एकदा वर्गातच तपासलं. खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर स्पष्ट पाडायचं, भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि २५० ला त्या आकड्यानं भागायचं. तीसपट असतं तर अंतर ८ च्या आसपास भरलं असतं. भरलं २५. म्हणजे दहापट! मला फार राग आला, कारण त्याच भिंगावर भरवसा ठेवून आम्ही गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या यकृतकांची यादी केली होती. मधली ज्वारीच्या दाण्याएवढी जागा तेवढी नीट दिसायची, कडेला सगळं जांभळट-पिवळं.

नवंही दहापटच आहे. संभाजीनगरच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानातून १,१५० रुपयांना घेतलं. पण यात तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत, त्यामुळे कडेपर्यंत रेषा सरळ आणि रंग खरे दिसतात. पैसे त्याचेच आहेत.

गणपती उठल्यावरच्या रविवारी एक विद्यार्थिनी तुकडा घेऊन आली. "मॅडम, हे प्लॅजिओकाझ्माच ना?" प्लॅजिओकाझ्मा ही एक यकृतका, यादीत तसंच होतं. मी भिंग डोळ्याला टेकवलं आणि तुकडा अडीच सेंटीमीटरवर आणला. हिरव्या थॅलसवर, म्हणजे तिच्या चपट्या अंगावर, पांढुरके ठिपके, ती हवेची छिद्रं. उलटा केला तर जांभळ्या खवल्यांच्या दोन रांगा. इथवर सगळं प्लॅजिओकाझ्मासारखंच. मग टोक बघितलं. प्लॅजिओकाझ्मात मादीचा भाग थॅलसच्या वरच्या अंगानं देठावर उभा राहतो. इथं वर काहीच नव्हतं. टोकाच्या खालच्या अंगाला मिटलेल्या शिंपल्यासारखी दोन झडपांची काळी, चकचकीत डबी होती. टार्जिओनिया, म्हणजे वेगळीच यकृतका! मी त्या मुलीलाच भिंग दिलं आणि म्हटलं, "बाई, तूच बघ."

कॉलेजात येऊन गेल्या वर्षीच्या वाळवलेल्या नमुन्यांची पाकिटं उघडली. एका पाकिटात हेच निघालं, वर आमच्याच अक्षरात 'प्लॅजिओकाझ्मा'. आमच्या जिल्ह्याच्या यादीत टार्जिओनिया आजवर नव्हतंच.

भिंगाची हद्दही सांगते. यानं वंशापर्यंत पोचता येतं; जातीसाठी स्पोरवरची, म्हणजे बीजाणूंवरची नक्षी लागते, आणि ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. आमच्या स्लाइडवर तपकिरी, जाळीदार स्पोर आले. टार्जिओनिया हायपोफायला असावं असं मला वाटतं, पण नमुना तज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय मी त्याला नवी नोंद म्हणणार नाही. पाकिटावर जागा, उंची, तारीख आणि कशावर उगवलं होतं ते लिहून ठेवलंय. पेशींमधले तेलाचे थेंब वाळल्यावर जातात, म्हणून ताज्या तुकड्याचीच चित्रं त्याच रात्री काढली.

दुकानदार वीसपटचा आग्रह करतील. रानात ते नको. त्यात नमुना सव्वा सेंटीमीटरवर धरावा लागतो आणि आपल्याच डोक्याची सावली पडते. दाट सावलीत दहापटलाही टॉर्च लागतोच.

तक्रारी दोन. घडीचा स्क्रू महिन्यातच सैल झाला. घड्याळजीकडून आवळून घेतला. आणि सोबतची दोरी अगदीच बारीक आहे, ती पहिल्याच दिवशी बदला. मी लाल करदोडा बांधलाय, चिखलात पडलं तरी लांबून दिसतं.