पंचवीस पौंडांची 'ट्यूडर खेळांची पेटी': पट झकास, पत्ते भंकस

लेकीकडे साउदम्प्टनला तीन महिने राहून आले. तिथे नातवाच्या नवव्या वाढदिवसाला ही पेटी घेतली. दुकानाचं नाव देत नाही, आणि बनवणाऱ्याचं नाव पेटीवरही धड वाचता येत नाही. किंमत पंचवीस पौंड. झाकणावर गळ्याभोवती पांढऱ्या झालरी घातलेले दोन दाढीवाले गृहस्थ फासे टाकताहेत आणि खाली दावा केलाय: ट्यूडर काळातली, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या इंग्लंडातली, साधी माणसं जे खेळायची ते सगळं या पेटीत. झालरी घालून बसणारी माणसं साधी कशी, हे मला दुकानातच सुचायला हवं होतं.

आत घडीचा लाकडी पट, अठरा सोंगट्या, दोन फासे, पत्त्यांचा कॅट आणि नियमांची बारा पानी पुस्तिका.

पट उघडला आणि मी हसायलाच लागले. एकात एक तीन चौकोन, त्यांना मधोमध जोडणाऱ्या चार रेघा. म्हटलं, "अगं, ही तर नवकंकरी!" लेक म्हणाली, "आई, आता सगळंच आपलं म्हणू नकोस हं." पण होतीच ती. वाईला आमची आत्या विझलेल्या कोळशाने ओट्यावर हाच पट काढायची. माझे चिंचोके, तिचे वालाचे दाणे. नऊ-नऊ मांडायचे, तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा, दोनच उरले की हरलात. इंग्लंडात याला 'नाइन मेन्स मॉरिस' म्हणतात आणि नियम तेच. पुस्तिका न उघडता मी नातवाला शिकवलं आणि पहिल्या दोन्ही डावांत हरवलं. वाढदिवस असला म्हणून काय झालं!

पटाचं काम चांगलं आहे. रेघा खोल कोरल्यात, नुसत्या छापलेल्या नाहीत. सोंगट्यांचे दोन रंग मात्र दिव्याच्या उजेडात सारखेच दिसतात, म्हणून नऊ सोंगट्यांना मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. मागच्या बाजूला 'फॉक्स अँड गीज' आहे. एक कोल्हा, बाकी सगळी हंसं, आपल्या वाघ-बकरीच्या जातीतला खेळ. नातवाला तोच जास्त आवडतो, कारण कोल्हा कायम त्याचाच असतो.

पुढच्या आठवड्यात जावयांनी पोर्ट्समथला 'मेरी रोझ' दाखवायला नेलं, आणि पेटीचं खरं परीक्षण तिथे झालं. आठव्या हेन्रीचं हे लढाऊ जहाज 1545 च्या जुलैत किनाऱ्यापासून जवळच, खुद्द राजाच्या डोळ्यांदेखत बुडालं. सुमारे पाचशे माणसं होती, वाचली पस्तीसच्या आतच. 1982 मध्ये सांगाडा वर काढला. चिखलात गाडलं गेल्यामुळे खलाशांच्या रोजच्या वस्तू जशाच्या तशा राहिल्या. लाकडी वाडगे, चामड्याचे जोडे, उवांच्या फण्या ऐंशीच्या वर (काहींत लिखाही अजून अडकलेल्या!), आणि मिऱ्याचे दाणे. ते मिरे बघून मी थबकलेच. मलबारहून निघून, हात बदलत बदलत, कुणा खलाशाच्या गाठोड्यापर्यंत पोहोचलेले.

खेळाचं सामानही तिथे आहे. फासे आहेत. जहाजावरच्या सुताराच्या खोलीत बॅकगॅमनचा, म्हणजे फासे टाकून सोंगट्या पुढे न्यायच्या खेळाचा, पट सापडला. त्याला तेव्हा 'टेबल्स' म्हणत. लाकडात लाकूड बसवून केलेली सुबक नक्षी. सुतारानेच फावल्या वेळात केला असेल असं मला उगीच वाटत राहिलं. आणि नवकंकरी? ती पिंपाच्या झाकणावर कशानेतरी ओरखडलेली. रेघा वाकड्या, चौकोन तिरपे, आमच्या आत्याच्या वळणाचे. सॅलिसबरी, कँटरबरी, वेस्टमिन्स्टर इथल्या मोठ्या चर्चच्या ओवऱ्यांतल्या दगडी बाकांवरही हे पट कोरलेले आहेत, आणि खेड्यांत तर लोक गवतातच माती उकरून पट करायचे. शेक्सपिअरच्या एका नाटकात पावसाने तो पट चिखलाने भरून गेल्याचा उल्लेख आहे.

आता तक्रारी. फासे हाडासारखे दिसणारे, पण प्लॅस्टिकचे आणि इतके हलके की टेबलावरून उडून खाली जातात. बरं, त्या काळातही फाशांवर भरवसा नव्हताच म्हणा. लंडनला थेम्स नदीच्या काठी आत पारा भरलेले जुने लबाडीचे फासे सापडलेत. त्या मानाने हे गरीब बिचारे प्रामाणिक तरी आहेत.

पत्त्यांचा मात्र राग आला. चाळीस वर्षं रमी खेळलेल्या बाईला फसवायला निघालेत! कॅटात चक्क दोन जोकर. जोकर हे एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन पिल्लू. राजा-राणी वरून-खालून सारखे आणि कोपऱ्यात आकडे, हेही नंतरचंच. सोळाव्या शतकात इंग्लंडातले पत्ते मुख्यतः फ्रान्सच्या रुआँ गावाहून यायचे. त्यांवर चित्रं पूर्ण उभी, आकडे नाहीत, आणि हात उघडला की दुड्या-तिड्या मोजत बसायचं. हे तर आपले नेहमीचेच पत्ते, नुसते चहाच्या पाण्यात बुचकळल्यासारखे पिवळे केलेले. वास्तविक गोष्टी केवढ्या रंगवता आल्या असत्या! ह्यू लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने 1529 च्या डिसेंबरात केंब्रिजला प्रवचन दिलं ते पत्त्यांच्या भाषेत, बदाम हुकूम आहे असं सांगून. आपल्या एखाद्या कीर्तनकाराने मेंढीकोटावर निरूपण करावं तसं. पुस्तिकेत त्याचं नावही नाही.

पुस्तिका तशी सगळीकडेच पोकळ आहे. साधी माणसं हे खेळ मजेत खेळत, एवढंच पानोपानी. 1541 च्या कायद्याने कारागीर, मजूर, नोकर, धंदा शिकणारे उमेदवार अशा सगळ्यांना नाताळ सोडून फासे, पत्ते, टेबल्स, टेनिस, बोल्स (जमिनीवर गोळे घरंगळवायचा खेळ) खेळायला बंदी होती, हे कुठेच नाही. धनुष्य-बाण करणाऱ्यांची ओरड होती की लोक खेळात रमतात, नेमबाजी करत नाहीत आणि आमचा धंदा बसतो. दंड वीस शिलिंग, म्हणजे 240 पेन्स. दिवसाला चार-सहा पेन्स कमावणाऱ्या मजुराची ती दीड-दोन महिन्यांची कमाई! म्हणजे या पेटीतलं बरंचसं सामान साध्या माणसाला वर्षभर चोरूनच बाहेर काढावं लागलं असतं. हे छापलं असतं तर नातवाने पुस्तिका उशाशी घेतली असती. अस्वलावर कुत्रे सोडण्याच्या खेळाबद्दलही अवाक्षर नाही. 1583 च्या जानेवारीत थेम्सपलीकडच्या पॅरिस गार्डनमध्ये एका रविवारी तो तमाशा चालू असताना प्रेक्षकांचा माच कोसळून माणसं मेली. मुलांच्या पेटीत हे नको, मान्य. पण मग 'सगळं' कशाला लिहायचं?

पट आणि सोंगट्यांना पाचपैकी साडेचार, फाशांना दोन, पुस्तिकेला एक. पत्ते मी मोजतच नाही. आठ ते बारा वर्षांच्या मुलासाठी, घरात खेळायला एखादं मोठं माणूस असेल तर घ्या. नुसता पट वेगळा मिळाला तर तोच घ्या.

परवा व्हिडिओ कॉलवर नातू सांगत होता, ठिपक्याची एक सोंगटी सोफ्याखाली गेली ती सापडेना. तिच्या जागी सध्या पाच पेन्सचं नाणं चालवतोय.