सेंट्रिफ्यूज की विद्युतचुंबक: समस्थानिक कशाने वेगळे करावेत?

प्रयोगासाठी शुद्ध समस्थानिक (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंपैकी एक प्रकार) हवा, तर पद्धत कोणती, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. आधी मूलद्रव्य बघा: त्याचं वायुरूप संयुग मिळतं का?

सेंट्रिफ्यूजला, म्हणजे प्रचंड वेगाने फिरून जड रेणू बाहेरच्या बाजूला ढकलणाऱ्या यंत्राला, वायूच लागतो. झेनॉन मुळातच वायू. मॉलिब्डेनमच्या हेक्झाफ्लुओराइडची (फ्लोरिनबरोबरच्या संयुगाची) सहज वाफ होते. शिवाय फ्लोरिनचा निसर्गात एकच समस्थानिक, म्हणून रेणूंच्या वजनातला फरक फक्त मॉलिब्डेनममुळे पडतो. केवढी मोठी सोय! कॅल्शियमचं मात्र असं संयुग नाही, तिथे गाडं अडतं.

विद्युतचुंबकीय यंत्रात आयन (विद्युतभारित अणू) चुंबकीय क्षेत्रातून वळतात. हलका जास्त वळतो, प्रत्येकाचा कप्पा वेगळा. जवळपास कोणतंही मूलद्रव्य चालतं आणि एकाच फेरीत शुद्धता खूप वाढते. निसर्गात जेमतेम ०.१९ टक्के असलेलं कॅल्शियम-४८ असंच मिळवतात. पण उत्पादन तुटपुंजं, वीज भरमसाट, आणि बराच माल यंत्राच्या आतल्या भिंतींवर बसतो. तो धुऊन परत काढावा लागतो.

सेंट्रिफ्यूजच्या एका टप्प्यात फरक थोडाच पडतो, म्हणून यंत्रांची साखळी लागते. उभारणी महाग, वीज कमी.

किलोंनी झेनॉन-१३६ हवा असेल तर सेंट्रिफ्यूजच. मिलिग्रॅमभर कॅल्शियम-४८ हवं असेल तर विद्युतचुंबक, महाग पडलं तरी.